क्रोन व्याधी : निदानानंतरचा विवेक

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)

 

सुवर्ण महोत्सवाच्या व्यासपीठावरून आतड्याच्या आणि शौचाच्या तक्रारींची चर्चा व्हावी, हे काही ज्येष्ठांना औचित्याला सोडून वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या आजाराविषयी घरोघरी केवळ कुजबुज होते, त्याच आजारात रुग्ण सर्वाधिक एकाकी पडतो. क्रोन व्याधी हा असा एक आजार आहे. तो बहुधा तरुण वयात, शिक्षण, व्यवसाय आणि विवाह यांच्या उंबरठ्यावर प्रकट होतो, आणि एकदा जडला की आयुष्यभर सोबत करतो. तो समूळ नाहीसा करणारे औषध आजतागायत उपलब्ध नाही. त्याला शांत ठेवणारी औषधे मात्र आहेत, आणि त्यांतून कोणते निवडावे हाच रुग्णापुढील खरा प्रश्न असतो.

माजलगावसारख्या तालुक्याच्या गावी या आजाराची वाट साधारणपणे ठरलेली असते. मोंढ्यात वडिलांच्या आडतीवर बसणारा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा असावा. कापसाचा आणि सोयाबीनचा हंगाम, जागरण, वेळी-अवेळी जेवण. त्यामुळे पोटात उजव्या बाजूला खाली दुखू लागले तर प्रथम कुणीच मनावर घेत नाही. जेवणानंतर कळ येते, दिवसातून चार-पाच वेळा जावे लागते, संध्याकाळी अंग तापते. कधी जंतांचे औषध होते, कधी आमांशाचे, कधी पित्ताचे. गुदद्वाराजवळ गळू होऊन फुटते, त्याला भगंदर म्हणतात आणि त्याची वेगळी शस्त्रक्रिया होते. पोटदुखीशी त्याचा काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानात येत नाही. वर्षभरात दहा-बारा किलो वजन उतरते. मग कुणीतरी सोनोग्राफी करविते, तीत आतड्याला सूज दिसते, आणि कुटुंब छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबादची वाट धरते. तेथे दुर्बिणीने तपासणी होते, आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला जातो, आणि अहवालात दोन शब्द येतात : क्रोन किंवा क्षय.

या दोन शब्दांपैकी दुसरा घरातील सर्वांना कळतो, पहिला कुणालाच कळत नाही. म्हणून त्याच्यापासूनच प्रारंभ करणे योग्य.

ग्लासगो येथील शल्यचिकित्सक केनेडी डॅलझील यांनी १९१३ साली आतड्याच्या जाड, सुजलेल्या आणि अरुंद झालेल्या भागांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे रुग्ण क्षयाचे दिसत असूनही त्यांच्यात क्षयजंतू सापडत नव्हते. पुढे १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या तिघांनी चौदा रुग्णांच्या आधारे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा हा आजार क्षयाहून निराळा असल्याचे मांडले. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेली, क्रोन यांचे नाव पहिले आले, आणि तेच आजाराला चिकटले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर याच आजाराने आतडे अडल्यामुळे जून १९५६ मध्ये तातडीची शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले. निदान ऐकून हातपाय गळालेल्या मातापित्यांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आजाराचे मूळ शरीराच्या संरक्षक यंत्रणेत आहे. बाह्य जंतूंशी लढणारी ही यंत्रणा आतड्यातील नित्याच्या सूक्ष्मजीवांवर आणि पर्यायाने स्वतःच्या आतड्यावरच सतत धार धरून राहते. आनुवंशिकतेचा थोडा वाटा, बदललेल्या राहणीचा आणि आहाराचा थोडा वाटा, असे अनेक धागे त्यात आहेत. एकच एक कारण दाखविता येत नाही. सूज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही येऊ शकते, पण लहान आणि मोठे आतडे जेथे मिळतात तो भाग तिचे आवडते स्थान होय. ती आतड्याच्या वरच्या अस्तरापुरती न राहता भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरते, म्हणूनच पुढे आतडे अरुंद होते किंवा त्याला छिद्र पडून भगंदर होते. आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळा काढणे हा निव्वळ अज्ञानाचा प्रकार आहे. तो केवळ शहरी श्रीमंतांचा आजार आहे, हा समजही टिकलेला नाही. हैदराबाद येथील तज्ज्ञांनी तेलंगणात केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पोटाच्या तक्रारी घेऊन आलेल्या ग्रामीण रुग्णांत आतड्याच्या या जुन्या दाहाचे प्रमाण शहरी रुग्णांच्या जवळपासच आढळले.

आता तो दुसरा शब्द. आतड्याचा क्षय आणि क्रोन हे दोन्ही आजार त्याच जागी होतात, तशाच जखमा करतात, ताप आणि वजनातील घट दोन्हींत असते. सूक्ष्मदर्शकाखालीही कित्येकदा निर्णय होत नाही. पाश्चात्त्य देशांत क्षय दुर्मीळ असल्याने तेथील वैद्यास हा पेच क्वचित पडतो. भारतात तो रोजचा आहे, आणि चुकीची किंमत दोन्हीकडे मोठी आहे. क्षय असताना क्रोनची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर क्षय अंगभर पसरतो. क्रोन असताना क्षयाचीच औषधे महिनोन्महिने चालू राहिली तर मधल्या काळात सूज आतडे अरुंद करीत राहते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अभ्यासांतून ही हानी दाखविली गेली आहे. म्हणून अनिश्चितता असेल तेव्हा क्षयाचे औषध सुरू करून दोन महिन्यांच्या सुमारास पुन्हा दुर्बिणीने पाहण्याची पद्धत रूढ झाली आहे. क्षय असेल तर जखमा बऱ्यापैकी भरून येतात. नुसते बरे वाटले, भूक लागली, एवढ्यावर विसंबता येत नाही, कारण क्रोनमध्येही काही रुग्णांना या औषधांनी काही काळ बरे वाटते.

येथेच बहुतेक कुटुंबे चुकतात. दुर्बिणीची तपासणी त्रासदायक, खर्चिक. मुलाला थोडे बरे वाटत आहे. मग 'कोर्स पूर्ण करू, नंतर पाहू' असे ठरते. नऊ महिन्यांनी आतडे अडल्यावर त्याच गाडीने पुन्हा तोच प्रवास करावा लागतो. या संपूर्ण आजारात एखादी तपासणी कदापि टाळू नये अशी असेल, तर ती ही दोन महिन्यांनंतरची होय. तिच्या पूर्वतयारीचे जुलाबाचे औषध आदल्या संध्याकाळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावयाचे असते, आणि चौविहार पाळणाऱ्यांची तेथे अडचण होते. दुपारची वेळ मागून घेतल्यास सर्व औषध त्याच दिवशी सकाळी घेता येते. डॉक्टरांना आधी सांगितले तर ते सहसा नाही म्हणत नाहीत. सांगितलेच जात नाही, ही खरी गोष्ट आहे.

निदान निश्चित झाल्यावर घरात पहिला प्रश्न उठतो तो असा : हे आमच्याच वाट्याला का? आपल्याकडे त्याचे उत्तर तयार असते, असातावेदनीय कर्माचा उदय. सिद्धांत म्हणून ते मान्यच आहे. परंतु तेच वाक्य आजारी मुलासमोर, भेटायला आलेल्या चार जणांनी, चार दिवस लागोपाठ उच्चारले तर त्याचा अर्थ 'तूच केलेस, तूच भोग' असा होतो. कर्मसिद्धांतात उदयाबरोबर उपशम आहे, क्षयोपशम आहे, निमित्त आहे आणि पुरुषार्थही आहे. रुग्णासमोर मात्र नेमका उदयच तेवढा सांगितला जातो. बारा तपांपैकी आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची, म्हणजे ग्लानाच्या सेवेची गणना केलेली आहे. भेटीला येणाऱ्यांनी तो भाग अंगीकारला, तर सिद्धांत सांगण्याची फारशी आवश्यकता उरणार नाही.

दुसरा प्रश्न आहाराचा आणि व्रतांचा. याविषयी विस्ताराने बोलणे भाग आहे, कारण मोठ्या शहरातील तज्ज्ञाकडून मिळणाऱ्या छापील आहारपत्रिकेत त्याचे उत्तर नसते.

शाकाहारामुळे क्रोन होतो किंवा बळावतो, असे मुळीच नाही. मात्र एक दुहेरी उणीव लक्षात घ्यावी लागते. जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतिजन्य आहारात जवळजवळ नसते, दुधातून थोडे मिळते. आणि जे मिळते ते लहान आतड्याच्या ज्या शेवटच्या भागात शोषले जाते, नेमका तोच भाग या आजारात बिघडतो. हातापायांना मुंग्या, थकवा, जीभ लाल होणे, या तक्रारी मग आजाराच्या खात्यावर टाकल्या जातात. रक्तात बी-१२ तपासून इंजेक्शन घेतले की त्यांतील पुष्कळ भाग निवळतो. लोह आणि जीवनसत्त्व ड यांचीही तीच कथा.

आतडे अरुंद झालेल्या रुग्णाने चोथायुक्त, न शिजलेले, सालासकटचे पदार्थ टाळावयाचे असतात. आता आपल्याकडील तिथी आठवा. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून घरात मटकी, हरभरा, चवळी, अख्खे मूग शिजतात. निरोगी माणसाला ते पथ्यकर. अरुंद आतड्यात मात्र तीच साले अडकून कळा सुरू होतात. अशा दिवशी रुग्णाला सालविरहित मुगाच्या डाळीचे वरण, मऊ भात, ज्वारीच्या पिठाची पेज, पचत असेल तर ताक द्यावे; तिथीही पाळली जाते आणि पोटही. कांदा-लसणाच्या त्यागाने या रुग्णांचे नुकसान काहीच नाही. त्या दोहोंनी पोट फुगण्याची तक्रार पुष्कळांना असतेच.

आहारोपचाराची एक पद्धत अलीकडे जगभर चर्चेत आहे. इस्रायलमधील आरी लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांमध्ये ती बरीच परिणामकारक ठरली. पण तिच्या मूळ तक्त्यात कोंबडीचे मांस आणि अंडी रोज अनिवार्य आहेत, आणि त्यांच्या जोडीला बटाटाही. जैन कुटुंबाने तो तक्ता जसाच्या तसा वाचून हताश होण्याचे कारण नाही. आणि त्यातील निम्मे पदार्थ गाळून उरलेले खात राहणे तर अधिकच धोक्याचे, कारण मग प्रथिने उरतच नाहीत. त्यापेक्षा जुनी आणि मुलांमध्ये प्रथम पसंतीची पद्धत आहे ती केवळ द्रवरूप पोषक आहाराची. सहा ते आठ आठवडे अन्य काहीही न खाता दुधातील प्रथिनांपासून केलेले पोषक मिश्रण ठरल्या प्रमाणात घ्यावयाचे. लहान मुलांत ती स्टेरॉइडच्या तोडीची ठरली आहे आणि वाढ खुंटू देत नाही. प्रौढांना ती तितकी झेपत नाही. रसपरित्यागाची सवय असलेल्या घरांत ती अधिक निभावेल असे मानावयास जागा आहे, परंतु देखरेख आहारतज्ज्ञाचीच हवी.

आता तपश्चर्या. पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्या मुलांची मिरवणूक निघते, त्यांचे कौतुक होते, आणि मागील वर्षी ज्याने अठ्ठाई केली तो या वर्षी घरात बसतो तेव्हा त्याचे मन खाते. उपवासाने आतड्याला विश्रांती मिळून आजार जाईल, असा सल्लाही आपुलकीने दिला जातो. येथे वस्तुस्थिती स्पष्ट सांगितली पाहिजे. आजार सक्रिय असताना शरीर आधीच कुपोषित असते. केवळ पाण्यावर आठ दिवस काढल्याने सूज शमत नाही, स्नायू मात्र झिजतात. त्याहून गंभीर बाब म्हणजे प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड काही आठवडे घेतलेल्या रुग्णाचे शरीर स्वतःचे तत्सम संप्रेरक बनविणे कमी करते. उपवासासाठी गोळी एकाएकी बंद केल्यास रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. ती गोळी हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानेच उतरवावयाची असते.

चौविहाराच्या बाबतीत अडचण वाटते तेवढी नाही. स्टेरॉइडची गोळी बहुधा सकाळी एकदा, अ‍ॅझाथायोप्रिन दिवसातून एकदा, जैविक इंजेक्शने काही पंधरा दिवसांनी तर काही आठ आठवड्यांनी. सूर्यास्तानंतर घेतलेच पाहिजे असे औषध यांत क्वचितच असते. जुलाब चालू असताना मात्र रात्रभर पाणी वर्ज्य केल्यास शरीर शुष्क होते. अशा वेळी तिविहाराचे पच्चक्खाण घेता येते, त्यात पाण्याची मोकळीक असते. शिवाय पच्चक्खाणाच्या पाठातच सर्वसमाधीचा आगार ठेवलेला आहे : तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावे लागले तर व्रतभंग होत नाही. पूर्वाचार्यांनी ही सवलत पाठातच गुंफून ठेवली आणि पाठ रोज म्हटला जातो. तिचा अर्थ रुग्णाला कुणी उलगडून सांगत नाही, याचे आश्चर्य वाटते. बाह्य तपांत अनशनाच्या लगोलग ऊनोदरी येते. थोडे थोडे, पोट तडस न लागू देता खाणे हे या आजाराचे पथ्यही आहे.

शास्त्रातील दोन प्रसंग या संदर्भात स्मरणीय आहेत. श्वेतांबर परंपरेत भगवती सूत्राच्या पंधराव्या शतकात गोशालकाच्या तेजोलेश्येनंतर प्रभू महावीरांना झालेल्या पित्तज्वराचे आणि रक्तातिसाराचे वर्णन येते. व्याकूळ झालेल्या सिंह अणगारांना प्रभूंनी रेवती श्राविकेकडे पाठविले. तिने खास प्रभूंसाठी सिद्ध केलेला पाक आणू नये, घरात आधीच असलेला बिजोऱ्याचा पाक आणावा, असे सांगितले. औषध घेतले गेले, आणि कोणते घ्यावे याची निवडही झाली. दिगंबर परंपरा हा प्रसंग मानीत नाही. तिच्यात आचार्य समंतभद्रांची कथा आहे. भस्मक व्याधीने ग्रस्त झाल्यावर त्यांनी गुरूंकडे सल्लेखनेची अनुमती मागितली. गुरूंनी ती नाकारली, प्रथम व्याधी शमवावी आणि मग पुनश्च दीक्षा घ्यावी, अशी आज्ञा केली. 'स्वयंभूस्तोत्र' आणि 'रत्नकरंड श्रावकाचार' यांचे कर्ते म्हणून ज्यांना वंदन केले जाते, त्यांच्या चरित्रात मुनिवेष उतरवून उपचार घेतल्याचा काळ आहे. या दोन्ही प्रसंगांत उपचाराला विरोध दिसत नाही.

यानंतर उपचारांची निवड. पूर्वीची रीत पायरीपायरीने चढण्याची होती : आधी स्टेरॉइड, आजार उलटला की अ‍ॅझाथायोप्रिन, तेही फसले की जैविक औषध, आणि सर्व थकले की शस्त्रक्रिया. स्टेरॉइडने आठवडाभरात भूक लागते, वेदना थांबतात, चेहरा भरतो. घरचे म्हणतात मुलगा सुधारला. पण ते आग विझवणारे पाणी आहे, घर बांधणारा चुना नव्हे. दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो, आणि आतड्यातील जखमा भरतातच असे नाही. अ‍ॅझाथायोप्रिन स्वस्त आहे, गावच्या औषध दुकानात मागविता येते. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. काही भारतीयांच्या एनयूडीटी-१५ या जनुकात असा फरक असतो की या औषधाने त्यांच्या पांढऱ्या पेशी वेगाने घटतात आणि केस मुठीमुठीने गळतात. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत वारंवार रक्त तपासणे अपरिहार्य आहे. माजलगावात रक्ततपासणी सहज होते. आळस तेवढा नको.

जैविक औषधांपैकी इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत क्रोनसाठी १९९८ साली मान्यता मिळाली. पुढे अडालिमुमॅब आले. त्याची भारतीय आवृत्ती झायडसने २०१४ च्या डिसेंबरात बाजारात आणली आणि किंमत बरीच उतरली, तरीही ती सामान्य व्यापारी कुटुंबाला जड आहेच. व्हेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब आणि गोळीच्या रूपातील उपाडासिटिनिब ही त्यानंतरची. ब्रिटनमधील ३८६ नवनिदान रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रोफाइल' या अभ्यासात प्रारंभीच इन्फ्लिक्सिमॅब आणि जोडऔषध दिलेल्या गटातील ७९ टक्के रुग्ण वर्षअखेर स्टेरॉइडविना आणि शस्त्रक्रियेविना शांत राहिले; पायरीपायरीने चढणाऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. एवढा फरक वैद्यकात वारंवार दिसत नाही. पण ब्रिटनमध्ये क्षय आपल्याइतका नाही. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब शरीरात दडलेल्या क्षयाला जागे करू शकतात, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी, आणि गरज पडल्यास प्रतिबंधक औषध, हा क्रम मोडता येत नाही. व्हेडोलिझुमॅबचे कार्य मुख्यतः आतड्यापुरते असल्याने हा धोका त्यात कमी आहे. ते संथ गतीने लागू पडते. घरातील आजोबांना पूर्वी क्षय झाला होता ही गोष्ट लपविण्याची आपल्याकडे रीत आहे. या डॉक्टरांपुढे ती लपवू नये.

ही औषधे अहिंसेच्या कसोटीला उतरतात काय, असे श्रावक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. इन्फ्लिक्सिमॅबच्या रचनेत उंदराच्या प्रतिद्रव्याचा अंश आहे आणि ते उंदराच्या पेशींपासून पूर्वी सिद्ध केलेल्या पेशीवंशात तयार होते. अडालिमुमॅबची रचना मानवी आहे, उत्पादन चिनी हॅमस्टर या मूषकजातीच्या पेशीवंशात होते. प्रत्येक कुपीसाठी जीव मारला जात नाही. तो पेशीवंश कारखान्यातील टाकीत वाढविला जातो. औषध बाजारात येण्यापूर्वी प्राण्यांवर चाचण्या झालेल्या असतात, हेही सत्य आहे. याहून अधिक थेट प्राणिज द्रव्य जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये आणि रुग्णालयात रक्ताची गुठळी टाळण्यासाठी देतात त्या हेपॅरिनमध्ये असते. हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल किंवा कृत्रिम फोंडापॅरिनक्स चालेल का, असे विचारता येते. पर्याय नसेल तर निर्णय रुग्णाने गुरुजनांशी बोलून घ्यावा. दुसऱ्याच्या मुलाच्या औषधावर पंक्तीत बसून मत देणे सोपे असते.

शस्त्रक्रियेचे नाव काढताच घरात रडारड होते, जणू तो शेवटचा उपाय. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजार लहान आतड्याच्या शेवटच्या आखूड भागापुरता असलेल्या १४३ रुग्णांपैकी काहींवर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली, इतरांना इन्फ्लिक्सिमॅब दिले. वर्षाअखेर दोहोंचे जीवनमान सारखेच होते. सुमारे पाच वर्षांनी पाहिले तेव्हा औषधगटातील जवळजवळ निम्म्यांना शस्त्रक्रिया करावीच लागली होती, तर शस्त्रक्रियेच्या गटातील सुमारे चौथ्या भागाला जैविक औषध लागले होते. ज्याचा आजार आखूड भागात आहे, ज्याला दर आठ आठवड्यांनी शहर गाठणे आणि तो खर्च वर्षानुवर्षे पेलणे अशक्य आहे, त्याच्यासाठी आरंभीच केलेली शस्त्रक्रिया हा सुज्ञ पर्याय असू शकतो. अनेक ठिकाणी अरुंद झालेले आतडे न कापता रुंद करण्याची रीतही आहे. ती मुळात क्षयाच्या रुग्णांसाठी डॉ. कटारिया आणि सहकारी या भारतीय शल्यचिकित्सकांनी १९७७ साली प्रसिद्ध केली. ऑक्सफर्डच्या एमॅन्युएल ली यांनी १९८२ मध्ये ती क्रोनसाठी वापरली. पाश्चात्त्यांची विद्या म्हणून जिच्याकडे पाहिले जाते तिच्यात येथून गेलेला हा एक धागा आहे. शस्त्रक्रियेने आजार संपत नाही, सांध्याजवळ तो परतू शकतो, म्हणून सहा ते बारा महिन्यांत पुन्हा दुर्बीण. आणि धूम्रपान करीत असेल तर ते त्याच दिवशी सुटले पाहिजे. या आजारात ते औषधाचा परिणाम पुसून टाकते.

विवाहाचा विषय अवघड आहे, पण टाळण्यासारखा नाही. मुलगी असेल तर आजार दडवून स्थळ पाहिले जाते, आणि सासरी औषध बंद पडते ते याच कारणाने. आजार शांत असताना गर्भधारणा झाली तर बहुतेकींचे बाळंतपण सुखरूप होते. स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब सहसा चालू ठेवली जातात. मेथोट्रेक्सेट आणि उपाडासिटिनिब मात्र आधीच थांबवावी लागतात, आणि त्यासाठी नवऱ्याला व सासूला ठाऊक असणे आवश्यक आहे.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील कोणता उपचार आपल्या रुग्णास लागू होतो, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच विचारावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ शासकीय महाविद्यालय आणि अहिल्यानगरचे आचार्य आनंदऋषीजींच्या नावाचे रुग्णालय आपल्या टप्प्यात आहेत. पहिली चौकशी तेथे करून मगच लांबचा प्रवास करावा. चतुर्विध दानांत औषधदानाचे स्थान आहे, आणि या आजाराला लागणारे औषधदान एकदाचे नसून वर्षानुवर्षांचे आहे, हे ट्रस्टने आपला निधी आखताना ध्यानी घ्यावे.

पैशाविना होण्याजोगीही काही कामे आहेत. प्रवचनात पाच मिनिटांत दोनदा उठणाऱ्या माणसाकडे वळून पाहू नये, त्याला दाराजवळची जागा द्यावी. स्थानकातील शौचालय कुलूपबंद ठेवण्याची प्रथा मोडावी. स्वामीवात्सल्यात आग्रहाने वाढलेली जिलबी त्याने नाकारली तर त्याचे कारण विचारू नये. अडालिमुमॅबची सुई दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, ती गोठूही देता येत नाही. शहरातून येताना ती बर्फाच्या पिशवीसह, बर्फाला न टेकवता, छोट्या शीतपेटीतून आणावी लागते, आणि उन्हाळ्यात एस. टी.च्या प्रवासात सर्व जीव त्या पेटीवर असतो. गावात वीज गेली तर घरच्या शीतकपाटाचा भरवसा नसतो. ट्रस्टच्या इमारतीत इन्व्हर्टरवर चालणारे एक लहान शीतकपाट अशा औषधांसाठी ठेवता येईल; त्याची किल्ली एका जबाबदार कार्यकर्त्याकडे असावी आणि कुणाचे औषध आत आहे हे त्याने कुणाला सांगू नये.

जय जिनेंद्र.